चिऱ्याच्या खोलीच्या पोटात दुसरी खोली

“नऊ इंची चिऱ्याची भिंत! आवाज जातोय कशाला बाहेर?” परड्यात गाण्याबजावण्याची खोली बांधायची म्हटल्यावर गवंड्यापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकाने हेच ऐकवलं. वजनाच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची चिऱ्याची भिंत चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि आवाज अडवतं ते वजनच. पण चिरा म्हणजे कापलेला जांभा दगड, आणि जांभा सच्छिद्र. गिलावा न केलेल्या भिंतीच्या एका अंगाला अगरबत्ती धरून दुसऱ्या अंगाने पंखा लावला तर उभ्या सांध्यांपाशी धूर हलताना दिसतो. हवा जाते तिथून आवाज जातो. आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हवा जाते तिथून पावसाळ्यात ओलही येते. आमच्या कामातली निम्मी डोकेदुखी या दुसऱ्या गोष्टीची होती.

आधी आकडा ठरवला. पखवाज, झांजा आणि पेटी मिळून खोलीत १०० डेसिबल सहज होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण गावातली थंडीतली रात्र त्याहून खूप शांत असते, तेव्हा नियमात बसलं तरी शेजारी जागा होतोच. म्हणून खोलीतून बाहेर पडताना किमान ६० डेसिबल कमी व्हायला हवेत असं धरलं. भिंत दुप्पट जाड केली, म्हणजे अठरा इंच, तर फायदा होतो जेमतेम पाच-सहा डेसिबलचा. त्याऐवजी आत दुसरी, हलकी पण बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकणारी खोली उभी केली तर तिचा फायदा कितीतरी जास्त. सगळं काम या एकाच तत्त्वावर चालतं: दोन खोल्या, मध्ये हवा, आणि दोघींची कुठेही गाठ नाही.

मापं आतून बाहेर काढली. आतली खोली ४.९४ × ३.६४ × २.६ मीटर. हे आकडे हौसेने काढलेले नाहीत. उंची एक धरली तर रुंदी १.४ आणि लांबी १.९ पट, या प्रमाणात खोलीचे खालचे घुमणारे सूर एकावर एक पडत नाहीत. आमच्या मापांत ते ३५, ४७ आणि ६६ हर्ट्झच्या आसपास येतात. चौकोनी, म्हणजे १२ × १२ फुटांची खोली बांधली असती तर दोन भिंतींमधले सूर एकाच जागी साचले असते आणि डग्ग्याची एखादी थाप उगाच फुगली असती. आतल्या भिंतीची जाडी आणि पोकळी मिळून प्रत्येक बाजूला पाच इंच जातात, त्यावर चिरा. बाहेरून सुमारे १८ फूट ९ इंच × १४ फूट ६ इंच. बारा फुटी खोली हवी तर साडेचौदा फुटी बांधावी लागते, हे जागा आखतानाच लक्षात ठेवलेलं बरं.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळल्या. माडाखाली बांधलं नाही, कारण वरून पडणारा नारळ कौल फोडतो आणि रेकॉर्डिंगही. विहिरीच्या पंपापासून लांब गेलो, कारण पंपाची थरथर कातळातून चालत येते. आणि दार पश्चिमेला ठेवलं नाही. पावसाची झड पश्चिम-नैऋत्येकडून येते, त्या बाजूला एकही भोक नको. समुद्र जवळ असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतर आणि २०१९ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना पायाच्या आधी पाहावी. जमीन बिगरशेती आहे का आणि ग्रामपंचायतीत काय कागद लागतात, तेही तेव्हाच.

दिवाळीनंतर पाया खणला. दोन फुटांवर कातळ लागला, त्यावर जोतं दोन फूट उंच. भर घालून चोपल्यावर वाळवीचं औषध मारलं. मग पीसीसी, म्हणजे बिनसळयांचं साधं काँक्रीट, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्याची टोकं भिंतीच्या बाजूने वर वळवलेली, आणि त्यावर जाळी टाकून चार इंच काँक्रीट. हे काँक्रीट भिंतीला भिडू दिलं नाही. चहूबाजूंनी १२ मिलिमीटरची थर्माकोलची पट्टी उभी करून ओतलं, नंतर पट्टी काढून ती फट मऊ, न घट्ट होणाऱ्या सीलंटने भरली. इंटरनेटवर रबराच्या ठोकळ्यांवर तरंगणाऱ्या फरशीची फार वर्णनं सापडतात. वरच्या मजल्यावर खोली असेल तर ती लागते. जमिनीवर, शेजार बारा मीटर लांब असताना, तो खर्च आम्हाला अनाठायी वाटला आणि अजूनही वाटतो.

चिरा आला तो १४ × ९ × ७ इंची, एकेक तीसेक किलोचा. दार वगळून भिंतींना सुमारे ७७० लागले. फूटतूट धरून ८२० मागवले. इथे गवंड्याशी एकच हुज्जत घालायची असते, आणि ती रोज घालावी लागते: उभे सांधे भरा. आडव्या सांध्यात माल भरपूर पडतो. उभ्या सांध्यात थापीने पुढून-मागून लावतात आणि मधला भाग पोकळ राहतो. घरासाठी ते चालतं, कारण वरून गिलावा येणार असतो. इथे नाही चालत. दर दोन थरांनंतर रात्री आत टॉर्च लावून बाहेरून पाहिलं. पहिल्या रात्री भिंत चाळणीसारखी दिसली. दुसऱ्या दिवशी त्याच गवंड्याला बोलावून दाखवलं, मग बोलावं लागलं नाही. चिरे लावण्याआधी पाण्याने भिजवले, नाहीतर मालातलं पाणी जांभा शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो.

आतून १५ मिलिमीटर गिलावा, बाहेरून दोन हातांत २० मिलिमीटर, त्यात जलरोधक मिसळून. उघडा चिरा दिसायला देखणा, यात वाद नाही. पण झडीच्या बाजूला तो पाणी पितो आणि ते पाणी आतल्या पोकळीत वाफ होऊन उतरतं. पोकळीत एकदा ओल गेली की ती पाहायला भिंत फोडावी लागते.

छप्पर दुहेरी. पाच इंची स्लॅब आवाजासाठी, त्यावर वासे-रीप घालून मंगळुरी कौलं पावसासाठी. स्लॅबवर गळती थांबवायला हल्ली सगळीकडे पत्र्याची शेड घालतात. या खोलीवर पत्रा नको. जुलैतल्या सरीत पत्र्यावरचा ताशा स्लॅबमधूनही आत ऐकू येतो. कौलाला वजन असतं, ते कमी वाजतं. माकडं कौलं हलवतात म्हणून वर जाळी. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात यासाठी छप्पर तीन फूट बाहेर काढलं. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झावळ्यांची झापं बांधायची जुनी रीतही ठेवली.

आता थांबायचं. फेब्रुवारीत स्लॅब पडला की मार्चमध्ये आतलं काम उरकून मोकळं व्हावं असं वाटतं. तिथेच घात होतो. चिरा आणि गिलावा मिळून भिंतीत पुष्कळ पाणी असतं आणि ते वरवर कळत नाही. फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून चोवीस तास ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत ओली. पूर्वेची भिंत मार्चअखेर सुकली, उत्तरेची एप्रिलच्या मध्यापर्यंत दव धरत होती. आतल्या खोलीच्या भिंतींचे बोर्ड त्यानंतरच आत आणले. मे महिन्यात जमलं नाही तर सरळ पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं. जून-जुलैत लावलेल्या जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना बुरशी येते.

आतल्या खोलीचा सांगाडा गावातल्या फॅब्रिकेटरने केला. ५० × ५० मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइप, दर ६०० मिलिमीटरवर उभे. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा लेप जळून जातो आणि खाऱ्या हवेत पहिला गंज तिथेच धरतो, म्हणून प्रत्येक जोड घासून त्यावर जस्ताचा रंग दोन हात. खालच्या पाइपाखाली १० मिलिमीटर जाड ईपीडीएम (उन्हापावसात टिकणाऱ्या) रबराची पट्टी. छताचे आडवे पाइप १०० × ५० चे आणि ते या उभ्या सांगाड्यावरच टेकलेले. स्लॅबला एकही हुक नाही, एकही खिट्टी नाही. सुतार आणि वायरमन दोघांनाही छत वर टांगायची सवय असते, म्हणून स्लॅबला ड्रिल लावायचं नाही अशी पाटीच खडूने लिहून ठेवली. सांगाडा डुलू नये म्हणून प्रत्येक बाजूला दोन आधार चिऱ्याच्या भिंतीत घेतले, पण मध्ये रबर घालून.

चिऱ्यापासून बोर्डापर्यंत चार इंच अंतर. त्यात सांगाड्याच्या मधोमध ५० मिलिमीटर जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर. छतावर दुहेरी. भिंती आणि छत मिळून सुमारे ८० चौरस मीटर लागली. रॉकवूल चिऱ्याला टेकवायची नाही. आत कधी ओल उतरलीच तर ती शोषून बसते. तिच्यावरून आधी १२ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड, मग ओल सोसणारा १२.५ मिलिमीटरचा हिरवा जिप्सम बोर्ड. सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. ८ × ४ फुटांचे सिमेंट बोर्ड २३, आणि ६ × ४ चे जिप्सम ३१. दोन थर मिळून चौरस मीटरला २५ किलो. एवढं वजन, चार इंच पोकळी आणि पलीकडे चिरा यांची एकत्र थरथर ४० हर्ट्झच्या जरा खाली येते. तिच्या दीडपट वरून दुहेरी भिंतीचा खरा फायदा सुरू होतो, म्हणजे ६० हर्ट्झच्या पुढे पखवाजाचा धुमा, म्हणजे डाव्या अंगाचा खालचा सूर, आत राहतो. पोकळी दोन इंच ठेवली असती तर हा आकडा वर सरकला असता आणि नेमका धुमाच बाहेर गेला असता.

पोकळीत आणखी एखादा बोर्ड “जास्तीचा” म्हणून घालायचा मोह होतो. घालू नये. एका मोठ्या पोकळीच्या दोन लहान पोकळ्या होतात आणि खालच्या सुरांना भिंत आधीपेक्षा कमकुवत ठरते.

बोर्ड जमिनीला, छताला, कोपऱ्यात कुठेही घट्ट भिडवले नाहीत. सहा मिलिमीटरची फट ठेवून ती ध्वनिरोधक सीलंटने भरली. ३०० मिलिलिटरची नळी सहा मिलिमीटरच्या रेघेला सुमारे दहा मीटर पुरते. दोन्ही थरांच्या नुसत्या कडाच नव्वद मीटर होतात, सांधे वेगळे. आम्हाला चोवीस नळ्या लागल्या. साधा पांढरा सिमेंट किंवा पुट्टी इथे उपयोगाची नाही, वर्षात तडकते.

थंड देशांतल्या माहितीत जिप्समच्या मागे प्लास्टिकचा कागद लावायला सांगतात. कोकणात ते उलटं पडतं. तिकडे आतली ऊब बाहेर जाते. इथे बाहेरची दमट हवा एसीने गार केलेल्या आतल्या बोर्डाकडे येते. कागद आत लावला तर त्याच्या मागेच पाणी सुटतं. अडसर बाहेर हवा, म्हणजे जलरोधक गिलावा आणि रंग. आतून साधा डिस्टेंपर किंवा इमल्शन. व्हिनाइलचा वॉलपेपर, ऑइलपेंट नको.

दाराने सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ खाल्ला. हिशेब असा: ७ × ३ फुटांच्या दाराभोवती तीन मिलिमीटरची फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक टक्का होते. एक टक्का फटीचं दार, ते शिशाचं असलं तरी, वीस डेसिबलच्या वर अडवू शकत नाही. म्हणून दोन दारं: एक चिऱ्याच्या भिंतीला, एक आतल्या सांगाड्याला, दोन्ही बाहेर उघडणारी. प्रत्येक दार ४० मिलिमीटरच्या भरीव फ्लशचं, त्यावर एका अंगाने १२ मिलिमीटर सिमेंट बोर्ड आणि त्यावर ६ मिलिमीटर प्लाय. वजन ऐंशी किलोच्या घरात जातं, त्यामुळे बिजागऱ्या चार आणि स्टेनलेस स्टीलच्या. बाहेरची चौकट जुन्या, मुरलेल्या फणसाची, आतली लोखंडी. दोन्ही चौकटी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मध्ये रबर. बाहेरच्या दारापुढे पडवी काढली, तिथे चपला राहतात आणि छत्र्या गळतात. ओली छत्री आत येता कामा नये.

रबर दाबून बसणारं हवं आणि दोन रांगांत. खाली उंबऱ्याला दार बंद होताना आपोआप उतरणारी पट्टी. आमची चूक ही झाली की रबर मे महिन्यात नेमक्या मापाने बसवलं. जुलैत लाकूड फुगलं आणि दार बंद होईना. सुताराने रंधा मारला. डिसेंबरात लाकूड आक्रसलं आणि वरच्या कोपऱ्यात उजेड दिसायला लागला. पुढच्या वेळी रंधा बाजूला ठेवला आणि रबर मागेपुढे सरकवता येईल अशा लांबट भोकांच्या ॲल्युमिनियम पट्टीवर बसवलं. दाराच्या सहाही बाजू, वरची आणि तळाचीसुद्धा, रंगवून बंद केल्या. तळाची कड कोणीच रंगवत नाही, आणि पाणी तिथूनच चढतं.

खिडकी ठेवलीच नाही. हवी असेल तर दोन वेगळ्या जाडीच्या काचा, एक चिऱ्यात एक सांगाड्यात, आणि मध्ये सिलिका जेलची पुडी. नाहीतर पहिल्याच श्रावणात काचा आतून धुरकटतात.

आता हवा. इतकी बंद खोली म्हणजे चार माणसांना तासाभरात डोकं जड होण्याची सोय. चौघांना तासाला सुमारे ११५ घनमीटर ताजी हवा लागते. सहा इंची पाइपातून ती सेकंदाला दोन मीटरपेक्षा कमी वेगाने जाते आणि फुसफुसत नाही. चार इंची पाइप घातला की माइकला वारा ऐकू येतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेला छपराखाली एकेक पेटी: १८ मिलिमीटर प्लाय, त्यावर सिमेंट बोर्ड, आत १२ × ८ इंचांची तीन वळणं, त्यांना पॉलिस्टरच्या नमद्याचं अस्तर. स्पंज नको, कुजतो. तोंडाला स्टेनलेसची जाळी, नाहीतर पाली आणि रातकिडे थेट गाण्यात येतात. पंखा पेटीच्या बाहेरच्या टोकाला.

पण पावसाळ्यात ही ताजी हवा स्वतःच संकट आहे. २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा आत घेऊन ती ५५ टक्क्यांवर आणायची तर दर घनमीटरमागे साधारण दहा ग्रॅम पाणी काढावं लागतं. म्हणजे तासाला लिटरभर, माणसांचा घाम-श्वास वेगळा. आणि इथे एसी फसवतो. बाहेरच तापमान पंचविशीला असतं, खोली लगेच गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि ओल जागच्या जागी राहते. २० वर लावला तर भिंतींना घाम फुटतो. पहिल्या पावसाळ्यात तीन आठवड्यांत पेटीच्या भात्याला बुरशी आली आणि पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, इतकी ढिली पडली की गट्ठे ठोकून हात दुखले. उपाय साधा निघाला: एसी २६ वर, आणि वेगळा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, रोज वीस-तीस लिटर काढणारा. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद, इतर वेळी आणि रात्रभर चालू, ५५ टक्क्यांवर लावलेला. हवेचा पंखा माणसं आत असतील तेव्हाच.

एसीच्या नळ्यांसाठी दोन्ही भिंतींना भोक पडतं, ते एकमेकांसमोर घेऊ नये. फूटभर तिरकं घ्यावं, नळीभोवती रॉकवूल ठासून दोन्ही तोंडं सीलंटने बंद. आमच्या पहिल्या चाचणीत मागच्या भिंतीजवळ पेटीचे सूर स्पष्ट ऐकू येत होते. भोक बंद होतं, सांधे बंद होते. आवाज येत होता तो एसीच्या निचऱ्याच्या नळीतून! रिकामी नळी म्हणजे बोलकी पोकळी. तिला वळण देऊन पाण्याचा अडसर ठेवला आणि सूर बंद. उन्हाळ्यात एसी न चालवता महिना गेला की हे पाणी सुकतं, तेव्हा वाटीभर ओतावं लागतं.

वीजकाम थोडक्यात. मीटरपासून वेगळी लाइन, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच), आणि मे-ऑक्टोबरच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. स्विचबोर्ड सगळे भिंतीच्या पृष्ठभागावर बसवलेले. आतल्या भिंतीत स्विचबोर्डासाठी चौकोन कापला तर तेवढी खिडकीच. कातळात अर्थिंग नीट लागत नाही आणि ५० हर्ट्झची गुणगुण थेट माइकमध्ये येते. खड्डा विहिरीजवळच्या ओल्या मातीत घेतला तेव्हा ती गेली. डिमरचे दिवे लावू नयेत.

आतला घुमारा काढायला अंड्याचे ट्रे, गोणपाट, काथ्याच्या चटया असे सल्ले मिळतात. अंड्याच्या ट्रेने आवाज अडत तर नाहीच, घुमारासुद्धा धड जात नाही. काथ्या किनाऱ्यावरचाच, स्वस्त, आणि वरचे सूर थोडे शोषतो हेही खरं. पण तो धूळ गाळतो, दमट हवेत वास मारतो आणि पेट घेतो. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत चार इंची रॉकवूलच्या चौकटी, बाजूच्या भिंतींवर आणि छताला आठ, सगळ्या पॉलिस्टर कापडात आणि भिंतीपासून दोन इंच सोडून लावलेल्या, म्हणजे मागून हवा खेळते. भजनाला एवढं पुरे. खोली फार मेलेली, म्हणजे घुमाराच नसलेली, झाली तर बुवा जोर लावून गातात आणि घसा बसतो.

अखेरची चाचणी नोव्हेंबरातल्या रात्री घेतली. आत स्पीकरवर १०० डेसिबलचा सरसर आवाज, बाहेर मोजणी. पडवीत दारासमोर ३९, मागच्या भिंतीला रातकिड्यांपलीकडे मीटरला काही सापडेना.

दर वर्षी मृगाच्या आधी दाराची रबरं पावडर लावून पुसायची, जाळ्या धुवायच्या, कौलं चाळायची आणि सीलंटच्या रेघांवरून बोट फिरवून तडा शोधायचा. डीह्युमिडिफायरची टाकी रोज उपसायला लागू नये म्हणून तिची नळी, अर्थात वळण देऊन, मागे पोफळींच्या आळ्यात सोडली आहे.